मिल्काची तोंडी परीक्षा

१

त्या उन्हाळ्यात सोलापुरात रोज दुपारी वीज जायची. वीज गेली की शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळातले माग एकदम बंद पडत. खाली नागम्माचे माग, समोर तिच्या दिराचे, पलीकडे आणखी कुणाकुणाचे. सकाळपासून खडखडणारा बोळ क्षणात गप्प व्हायचा. मी वरच्या मजल्यावर बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आडवा असे. माझी नात मिल्का आतल्या खोलीत अभ्यास करत असे. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट.

मी हसाजी आवासकर. आम्ही बेने इस्राएल. वडील रेल्वेच्या नोकरीवर कोकणातून इथे आले आणि इथलेच झाले. पेठेत आम्हाला यहुदी म्हणतात. मी गिरणीत जॉबर होतो. जॉबर म्हणजे रांगेतल्या मागांचा आणि त्या मागांवरच्या माणसांचा मुकादम. शाळा चौथीपर्यंत. हिब्रू अक्षरं वडिलांनी कान धरून शिकवली. प्रार्थना मी कुठेही न अडता म्हणतो. अर्थ मला कुणी सांगितला नाही आणि मी कुणाला विचारला नाही. ज्याला म्हणायची त्याला ती कळते, एवढं मला पुरत आलं.

मिल्काला पुरलं नाही. तिनं मुंबईच्या कॉलेजात हिब्रू घेतली. दोन्ही हिब्रू. जुनी, आमचा धर्मग्रंथ तोरा ज्या भाषेत आहे ती. आणि नवी, जी तिकडे इस्राएलात लोक बाजारात बोलतात ती. लेखी पेपरात तिच्या जवळपास कुणी नव्हतं. तोंडी परीक्षेला ती परीक्षकासमोर बसली आणि तोंडातून एक शब्द निघाला नाही.

ती लहानपणापासून अडखळते. एखाद्या अक्षरावर जीभ रुतून बसते. मान ताठ होते, डोळ्यांत पाणी येतं, आणि समोरचा माणूस कंटाळून तिचा शब्द आपणच म्हणून टाकतो. मग ती मान हलवते. बोळात सगळे तसंच करत. मीही करत असे. वेळ वाचतो.

जुलैत तिला पुन्हा एकदा बोलावणार होते. पास झाली तर पुढचं शिक्षण शिष्यवृत्तीवर. नाही झाली तर पदवीसुद्धा नाही. तिचे आईबाप केव्हाच गेले. मी सत्तरी ओलांडलेला. अडखळणारी, पदवी नसलेली, एकटी यहुदी मुलगी सोलापुरात माझ्यामागे कशी राहील, ते मला दिसत होतं. म्हणून ही परीक्षा.

हिब्रू बोलणारं दुसरं माणूस इथे नाही. प्रोफेसरांनी तिला सांगितलं होतं, समोर एक रिकामी खुर्ची ठेव, तिच्यावर परीक्षक बसलाय असं समज. प्रश्न तू विचार, उत्तरही तूच दे. पण मोठ्यानं बोल.

घरात खुर्ची एकच होती. आणि ती आमच्यापैकी कुणाची नव्हती.

२

आमच्यात मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता करतात. त्या दिवशी एलियाहू हन्नबीच्या नावानं एक खुर्ची मांडतात. हन्नबी म्हणजे संदेष्टा. बाळाला क्षणभर त्या खुर्चीवर ठेवायचं आणि उचलायचं. एरवी तिच्यावर कुणी बसत नाही. पूर्वी ही खुर्ची आमच्या प्रार्थनेच्या भाड्याच्या खोलीत असे. मग एकेक कुटुंब इस्राएलला निघून गेलं. खोली सोडावी लागली. खुर्ची माझ्याकडे आली.

सागवानी आहे. उंच पाठ, रुंद हात, वेताची बैठक. बैठकीवर जांभळ्या मखमलीचं कापड. सोलापुरात आमच्यात मुलगा जन्मून इतकी वर्षं झाली होती की मी ती भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

"आजोबा, ती खु... खु..." मिल्का म्हणाली.

"खुर्ची. घे. बसू मात्र नकोस."

"बसणार नाही. फ... फक्त..."

"बोलणार. बोल की. लाकडाला काय त्रास होतोय?"

मीच उचलून ती फिरवली आणि खोलीच्या मध्ये ठेवली. मिल्का समोर चटईवर बसली, मांडीवर पुस्तक घेऊन. मी दार ओढून घेतलं.

पहिले काही दिवस ऐकवत नव्हतं. एक शब्द, मग रुतणं, मग श्वास, मग पुन्हा तोच शब्द. मी कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचो. माग लवकर सुरू व्हावेत असं वाटायचं.

३

गिरणीतल्या माणसाचे कान गेलेले असतात असं लोक म्हणतात. अर्धं खरं आहे. पण शंभर माग चालू असताना एकाची चाल बिघडली तर जॉबरला पाठ फिरवूनही कळतं. आवाज ऐकायचा नसतो. दोन आवाजांमधली जागा ऐकायची असते.

एका दुपारी मला ती जागा बिघडलेली वाटली.

आपणच विचारायचं आणि आपणच सांगायचं असलं की माणूस मध्ये सारखंच थांबतं. विचारलं, श्वास घेतला, सांगितलं. मिल्काचं थांबणं सारखं नव्हतं. कधी ती विचारायची आणि लगेच पुढे जायची. कधी विचारून इतका वेळ गप्प राहायची की तिला झोप लागली असं मला वाटावं. मग ती एखादाच शब्द बोलायची. हुंकार दिल्यासारखा. मग पुन्हा गप्प.

आणि मग ती हसली.

माणूस एकटं हसतं तेव्हा नाकातून हसतं. ही मोकळी हसली. समोरच्यानं काही गमतीचं सांगितल्यावर हसतात तशी.

मी उठून बसलो. तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. बराच वेळ ती बोलत होती आणि एकदाही अडली नव्हती.

चांगलं झालं, मी स्वतःला म्हणालो. पाठ झालं असेल. पाठ केलेलं अडत नाही, माझ्या प्रार्थना अडतात का? मी पुन्हा आडवा झालो. झोप आली नाही.

४

दुसऱ्या दिवशी पाणी आणायला खाली उतरलो. नागम्माचे माग चालू होते. त्या आवाजात बोलता येत नाही. मागावरची माणसं हातांनी आणि ओठांनी बोलतात. तिनं मला खूण केली, उभे राहा. तेवढ्यात वीज गेलीच.

"मामा," ती पदरानं मान पुसत म्हणाली, "पोरीला मास्तर ठेवलाव व्हय?"

"कसला मास्तर?"

"आता लपवताव कशाला? दुपारी येत्यात की ते. माग बंद पडलं की वरचं समदं खाली ऐकू येतंय. पोरगी बोलती, मग ते बोलत्यात. लई हळू बोलत्यात बगा. म्हातारं माणूस दिसतंय कुणीतरी."

"काय बोलतात?"

"मला काय ठावं! माझी तेलुगू, तुमची ती यहुदी. तुमचीच भाषा हाय ती. तुमाला कळत न्हाय?"

"कळते," मी म्हणालो.

"मग मला कशाला इचारताव?" ती हसली. "एक करा. त्यास्नी म्हणावं, जाताना खाली चा घेऊन जावा. भला माणूस वाटतोय. मी रोज बगत बसते, कवा उतरत्यात जिन्यावरनं. अजून उतरल्यालं दिसलं न्हाईत."

मी घागर उचलली आणि वर आलो. जिना एकच आहे. तो नागम्माच्या दारासमोरच उतरतो.

५

त्यानंतर मी दुपारी आडवा झालो नाही. आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसलो. त्या खोलीला दुसरं दार नाही. खिडकी आहे, तिला लोखंडी गज आहेत, खाली नागम्माच्या शेडचे तापलेले पत्रे. त्यावरून मांजरसुद्धा दुपारी चालत नाही.

मिल्का बोलत होती. ती थांबली की मी श्वास रोखून ऐकायचो. आवाज मला आला नाही. माणसाचा नाही. वेत कुरकुरल्याचा आला.

रिकामा वेत उन्हानं तडकतो. भरलेला वेत कुरकुरतो. दोन्हींतला फरक मला कळतो.

मी दार उघडलं. मिल्का चटईवर होती. पुस्तक मांडीवर. खुर्चीत कुणी नव्हतं. मखमलीला मध्ये खळगा पडला होता.

"हे काय?"

"पु... पु..."

"पुस्तक ठेवलं होतंस."

तिनं मान हलवली. मी कापडावर हात ठेवला. ऊब होती. मे महिन्यात सोलापुरात कशाला ऊब नसते? मी खुर्चीचा हात चाचपला. तो थंड होता. पायही थंड होते. मी कापड झटकून सरळ केलं आणि बाहेर आलो. बैठकीवर ऊन पडत असेल, असं मनाला सांगितलं. पण ऊन खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात होतं.

मग शनिवार आला. शब्बाथला आम्ही कामाला आणि कॉलेजच्या पुस्तकाला हात लावत नाही. मिल्का खाली नागम्माकडे वेणी घालून घ्यायला गेली होती. जिन्यातून दोघींचं बोलणं येत होतं. आतली खोली रिकामी होती, दार पुढे केलेलं होतं. वीज गेली.

आत वेत कुरकुरला. एकदाच. खूप वेळ बसलेलं माणूस बैठक बदलतं तसा.

मी दार उघडलं नाही. मी कधी कशाला भ्यालो नाही. संपात माझ्यावर सळ्या उगारल्या होत्या, तेव्हाही मागे सरलो नव्हतो. त्या दुपारी मात्र मी तिची वेणी होईपर्यंत खाली पायरीवर जाऊन बसलो.

६

जून लागला. मिल्काचं बोलणं आता धार लागल्यासारखं येत असे. जुन्या हिब्रूतलं ती वाचायची. त्याला चाल होती. माझ्या वडिलांच्या प्रार्थनेला होती तशी, गळ्यातून ओढून घेतलेली, कोकणातली चाल. मुंबईच्या प्रोफेसरांनी ती शिकवली नसणार. मी शिकवली नव्हती. माझे वडील तिच्या जन्माआधी गेले.

तेवढ्यानं मी खचलो नसतो. एकदा जेवायला बसलो होतो. भाकरी, शेंगाची चटणी, ताक. मिल्कानं तांब्याकडे बोट केलं आणि थांबली. अडली नाही, थांबली. अडताना तिची मान ताठ होते. मान सैल होती. ती तांब्याकडे बघत होती आणि तिला त्यातल्या पाण्याला काय म्हणतात ते आठवत नव्हतं.

मग तिनं त्या दुसऱ्या भाषेत सांगितलं. स्वच्छ, न अडखळता.

"मराठीत सांग," मी म्हणालो.

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पा... पाणी."

इस्राएलला गेलेली आमची माणसं मला आठवली. सुरुवातीला कुणाकुणाबरोबर निरोप यायचे, इथली चटणी पाठवा म्हणून. मग निरोप थांबले. पुढे कधीतरी त्यांची मुलं भेटायला आली तेव्हा माझ्यासमोर नुसती हसत उभी राहिली. बोलायला आमच्यात भाषाच उरली नव्हती.

"मिल्का, तिथे तुला कोण शिकवतं?"

"को... कोणी नाही. उत्तरं पण म... मीच द्यायची. सरांनी सांगितलं होतं तसं." ती भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत राहिली. "आता द्या... द्यावी लागत नाहीत."

"म्हणजे?"

तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. मोठ्या माणसासमोर बोलावं की नाही हे विचारायला पाहतात तसं.

"तो थांबतो, आजोबा," ती म्हणाली. एवढं वाक्य ती मराठीत न अडखळता बोलली.

जो थांबतो त्याला घाई नसते. तो कशाची वाट बघत होता, ते मला कळेना. तेच मला टोचू लागलं. आज पाणी गेलं. उद्या चटणी जाईल, परवा नागम्मा, त्याच्या पुढे मी. आणि तो थांबलेलाच असेल.

७

सकाळी मिल्का दळण आणायला गेली तेव्हा मी खुर्ची खांद्यावर घेतली आणि खाली नेली.

"ही ठेव तुझ्या शेडात," मी नागम्माला म्हणालो.

"बरं झालं. सूत भरताना पाय लई दुखत्यात माझं. बसते हिच्यावर."

"बसू नको."

"मग काय करू?"

"काही करू नको. नुसती राहू दे."

"बसायचं न्हाय, मग खुर्ची कशाला म्हनायची हिला? तुमच्या देवाची हाय व्हय?"

"माझी आहे."

"तुमची असती तर तुमी बसला असता," ती म्हणाली आणि मागाकडे वळली.

मिल्का परत आली. रिकामी जागा पाहिली. दुपारी ती चटईवर बसली, तोंड उघडलं, आणि जीभ रुतली. पहिल्या दिवसांपेक्षा वाईट. तिचे ओठ मला दाराच्या फटीतून दिसत होते. गिरणीत मी ओठ वाचून माणसांना कामाला लावलं आहे. त्या ओठांवर वाचण्यासारखं काही उमटत नव्हतं. नुसतं थरथरणं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, मी... मी..."

"जाणार नाहीस," मी म्हणालो.

तिनं मग डोळे पुसले आणि मान हलवली. स्वयंपाकघरात जाऊन पीठ मळू लागली.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पोरगी घरात होती, पाण्याला पाणी म्हणत होती. पण ती पाठमोरी पीठ मळत होती ते मला पाहवेना. अशी पाठमोरी ती जन्मभर कुणाच्या तरी घरी पीठ मळत राहील. तिचा शब्द कुणी तरी म्हणेल आणि ती मान हलवेल.

तेवढ्यात खालून हाक आली.

"मामा! ओ मामा! खाली या जरा. तुमच्या खुर्चीजवळचा माग चालंना झालाय."

मी गेलो. वीज होती. बाकीचे माग चालू होते. तो एक उभा होता. मी पट्टा पाहिला, धोटा पाहिला, ताणा पाहिला. तुटलेलं काही नव्हतं, सुटलेलं काही नव्हतं. चाक हातानं फिरवलं तर सहज फिरलं. तीस वर्षं मी बिघडलेले माग पाहिले. हा बिघडला नव्हता. हा थांबला होता.

त्याच्या शेजारी खुर्ची. सगळ्या शेडभर कापसाचं तूस उडत होतं. मागांवर, पत्र्यांवर, नागम्माच्या केसांवर पांढरा थर होता. खुर्चीच्या पाठीवर होता, हातांवर होता, पायांवर होता. बैठकीच्या मखमलीवर एक कण नव्हता.

"कवापास्नं असा उभा हाय," नागम्मा हळू म्हणाली. तिचा चेष्टेचा सूर गेला होता. "मामा, ती घेऊन जावा वर. कुणाची तरी वाट बगत असल्यावानी वाटतंय मला हितं."

मी खुर्ची उचलली. मी दारातून बाहेर पडलो आणि पाठीमागे माग सुरू झाला.

८

खुर्ची मी जागेवर ठेवली. मिल्काला हाक मारली. ती दारात आली आणि पिठाच्या हातांनीच उभी राहिली.

"बस," मी म्हणालो. "आज मी पण बसणार."

मी भिंतीला टेकून जमिनीवर बसलो. खाली माग खडखडत होते. मी खुर्चीकडे तोंड केलं. वेड्यासारखं दिसत असणार. दिसू दे.

"मला तुमची भाषा येत नाही," मी मोठ्यानं म्हणालो. "तुम्ही कोण ते मी विचारत नाही. मी जॉबर आहे. खात्यात नवा माणूस आला की मी त्याला पहिल्या दिवशी सांगायचो, ते तुम्हाला सांगतो. काम शिकवायचं ते शिकवा, माझं काही म्हणणं नाही. पण जे तिचं आहे त्याला हात लावायचा नाही. पाणी तिचं आहे. ही पेठ तिची आहे. मराठीत ती अडखळते, ते अडखळणंसुद्धा तिचं आहे. ते इथेच राहील. पटत असेल तर बसा."

वीज गेली. माग थांबले. बोळ पोकळ झाला.

खिडकीतून उन्हाची एक तिरीप खुर्चीवर पडत होती. शेडातलं तूस पत्र्याच्या फटींतून वर येतं. आमच्या घरात ते कायम तरंगत असतं, आम्हाला दिसेनासं झालं आहे. त्या तिरिपेत ते दिसत होतं. सावकाश खाली येत होतं.

"आजोबा," मिल्का म्हणाली. "मी... मी..."

मान ताठ झाली. डोळ्यांत पाणी आलं. तिला काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं.

तूस खुर्चीच्या हातावर उतरत होतं आणि हातावर टेकत नव्हतं. त्याच्या वर, चार बोटं उंचावर थांबत होतं. थांबून साचत होतं. मनगट झालं. पंजा झाला. म्हातारा पंजा, बोटांची पेरं सुजलेली. तो हलला. खुर्चीच्या हातावरून उठला आणि माझ्याकडे वळून उभा राहिला, तळवा समोर करून.

गिरणीत पंजा असा वर केला की समोरच्यानं थांबायचं असतं. मी आयुष्यभर ती खूण केली. मला कुणी केली नव्हती.

मी तोंड मिटलं.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मिल्काचा ओठ थरथरत होता. मी तिच्याकडे बघत राहिलो. तिचं म्हणणं काय असेल याचा विचारही करायचं सोडून दिलं.

"मी जा... जाणार आहे," मिल्का म्हणाली. "मघाशी मला तेच म्ह... म्हणायचं होतं. आणि मी परत येणार आहे. तुम्हाला वाटतं, जो जातो तो जातोच. तसं न... नाही. मी सगळं इथलंच घेऊन जाणार. मला पाणी आठवलं नाही त्या दिवशी, कारण मी द... दमले होते. एवढंच होतं, आजोबा. तुम्ही वि... विचारलं असतं तर सांगितलं असतं."

एवढं लांब ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी कधी बोलू दिलं असतं तर बोलली असती.

मी खुर्चीकडे पाहिलं. तिरिपेत तूस मोकळं तरंगत होतं. खुर्चीच्या हातावर पांढरा बारीक थर बसला होता, जसा घरात सगळ्या वस्तूंवर बसतो. मखमलीत खळगा होता.

"चालू करा," मी म्हणालो. दोघांनाही.

ती हिब्रूत बोलू लागली. मी ऐकत बसलो. एक अक्षर कळत नव्हतं. तरी पहिल्यांदा मला मधल्या जागेची भीती वाटली नाही. ती विचारायची, आणि खोली थांबायची. जेवढं हवं तेवढं.

भीती गेली असं मात्र नाही. माग सुरू झाले तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

९

जुलैत ती मुंबईला एकटी गेली. नागम्मानं दशम्या बांधून दिल्या. "मास्तरास्नी घेऊन चाललीस व्हय गं?" असं तिनं विचारलं. मिल्का नुसती हसली.

ती गेल्यावर मी दुपारी आतल्या खोलीच्या दाराशी बसायचो. वीज जायची, माग थांबायचे. आत काही कुरकुरलं नाही. मखमल सपाट होती. मी तिच्यावर हात ठेवून पाहिला. गार होती. मला बरं वाटायला हवं होतं. मला ते घर फार रिकामं वाटलं.

ती परत आली तेव्हा पाऊस पडून गेला होता. मी स्टेशनवर गेलो होतो. ती डब्यातून उतरली, ट्रंक खाली ठेवली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आजोबा, मी प... प..."

हमाल मध्ये येत होते. गाडीनं शिटी दिली. मागून कुणी तरी ढकलत होतं. शब्द माझ्या जिभेवर होता. दुसरा कुठला असणार? मी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि उभा राहिलो.

"पास झाले," मिल्का म्हणाली.

"बरं," मी म्हणालो. मी ट्रंक उचलली. ती बरीच हलकी वाटली.

टांग्यात तिनं सगळं सांगितलं. सावकाश. मीही टांगेवाल्याला सावकाश चालवायला सांगितलं. खोली मोठी होती. लांब टेबल होतं. परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला आणि तिची जीभ रुतली. ते घड्याळाकडे बघून दुसरा प्रश्न विचारणार होते. तिनं हात वर केला.

"हात?"

"असा." तिनं तळवा माझ्यासमोर धरला. "मग थांबले. अगदी ग... गप्प झाले. हातातलं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघत पण नव्हते, माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघत होते. मी बोलले. जुन्यातलं वाचून दाखवलं. शेवटपर्यंत त्यांनी मला तोडलं नाही. उठताना त्यांनी मान झुकवली. मला नव्हे."

टांगा पेठेत वळला. मागांचा आवाज येऊ लागला.

"पण पूर्ण वेळ थांबले ना?" मी विचारलं.

"हो. दोघंही थांबले."

"परीक्षक दोन होते?"

"ए... ए..."

मी घाई केली नाही.

"एकच," मिल्का म्हणाली.